गयासुद्दीन मास्तरची पाठ

वर्गातल्या एखाद्या पोराला कमरेतून उचलल्याशिवाय गयासुद्दीन मास्तरचं इंग्रजी पुढं सरकत नसे. बाकीचे मास्तर फळ्यावर वाक्य लिहायचे, हे वाक्यात माणसं उभी करायचे. अकोल्याच्या एका ज्युनिअर कॉलेजात त्यांनी एकतीस वर्षं बारावीला इंग्रजी शिकवलं आणि सकाळी मोर्णेच्या काठच्या तालमीत उस्तादी केली. दोन्हीकडं पोरं बरीचशी तीच, शिव्या त्याच आणि हातही तोच. तो हात जड होता. कानाखाली बसला की पोरगं दोन दिवस त्या कुशीवर झोपत नसे, आणि घरी सांगितलं तर बाप दुसऱ्या कानाखाली द्यायचा, की मास्तरनं मारलं म्हणजे तूच काहीतरी केलं असशील.

मास्तर मूळचे मोर्शीकडचे. बाप संत्र्यांच्या लाकडी पेट्या ठोकायचा. सात वर्षांचा गयासुद्दीन हंगामात दिवसाला चाळीस पेट्यांचे तळ ठोके, खिळा वाकला की बापाची हातोडी बोटांवर पडे. तिथून अंगात जी ताकद आली ती जत्रांतल्या कुस्त्यांच्या दंगलींत निघाली. कौंडण्यपूरच्या जत्रेत एकोणिसाव्या वर्षी त्यांनी एका नावाजलेल्या मल्लाला असा घिस्सा दिला की त्याचा कान अर्धा लोंबला. रक्त मातीत गळत होतं, हलगी वाजतच होती आणि लोक नाणी फेकत होते. त्यानंतर बावीस वर्षं ते लढले. पाठीला माती एकदाही लागली नाही.

इंग्रजी शिकायला अमरावतीला गेले, आणि तिथं ते भाषेतल्या एकाच गोष्टीवर भाळले. पुढं प्रत्येक वर्षी पोरांना ती याच शब्दांत सांगायचे : इंग्रजी वाक्य म्हणजे शिस्तीचं घर. कर्ता पुढं, क्रियापद मागं. आपल्या बोलीत राग आला की कोणताही शब्द पुढं घुसतो, मारलंच त्याले मी, असं आपण म्हणून टाकतो. इंग्रजाला तसं जमत नाही. पण त्याच्याकडं नेव्हर, रेअर्ली, नो सूनर, ओन्ली वन्स असे काही पहिलवान शब्द आहेत. त्यातला एक वाक्याच्या तोंडाशी येऊन उभा राहिला की कर्त्याला मान खाली घालून मागं सरावं लागतं, आणि मागचं हॅज नाहीतर डिड त्याच्या पुढं येतं. जोर लावायचा असला की इंग्रज असा उलटा होतो.

मग चार पोरं ओळीत उभी राहत. पहिला ‘धिस बॅक’, दुसरा ‘हॅज’, तिसरा ‘नेव्हर’, चौथा ‘टच्ड दि अर्थ’. या पाठीला माती लागलेली नाही, असं ते साधं वाक्य. मास्तरनं टाळी वाजवली की ‘नेव्हर’ धावत ओळीच्या पुढं येई. ‘हॅज’ मागून ‘धिस बॅक’च्या कमरेला विळखा घाली, त्याला उचलून अर्धा वळे आणि आपल्या मागं ठेवी. नेव्हर हॅज धिस बॅक टच्ड दि अर्थ. मास्तर सदरा वर करून आपली पाठ वर्गाला दाखवत, पोरी तोंडाला ओढणी लावून हसत आणि वाक्य जन्मभर डोक्यात बसे. नियम एकच होता, तो ते दरवेळी बजावत. “ठेवायचं. आपटायचं नाई. खाली फरशी हाय, माती नाई.”

हा नियम एकदाच मोडला, आणि मोडला तो मास्तरनंच.

दोन हजार तीन सालची गोष्ट. उद्धव बारावीत होता. जवळच्या खेड्यातून सायकल मारत तालमीत यायचा, तिथून कॉलेजात. सतरा वर्षांचा, ऐंशी किलोचा आणि उस्तादाचा सर्वांत लाडका पठ्ठा. चार महिन्यांवर सैन्याची भरती होती. त्या दिवशी तो ‘धिस बॅक’ होता आणि ‘हॅज’ झालेल्या किडकिडीत पोराला तो उचलेना. उद्धव म्हणाला, “सर, हे हॅज उपाशी दिसते.” वर्ग फुटला. मास्तर स्वतः ‘हॅज’ व्हायला पुढं झाले. त्यांनी विळखा घातला, उचलायला गेले आणि उद्धवचे पाय फरशीला चिकटले. त्यानं वजन खाली टाकलं होतं. मास्तरनं पुन्हा जोर केला, पुन्हा हललं नाही. मागच्या बाकावरून कोणीतरी म्हणालं, उस्ताद अटकले.

मास्तरच्या डोळ्यांपुढं लाल झालं. तिसऱ्या वेळी त्यांनी उद्धवला खांद्याच्या उंचीपर्यंत उचललं आणि आपटलं. डावा हात अंगाखाली आला. वाळलेली तुराटी मोडावी तसा आवाज झाला. कोपराजवळून हाड कातडी फाडून बाहेर आलं आणि फरशीवर, खडूच्या भुकटीत, रक्त पसरत गेलं. पहिल्या बाकावरची पोरगी तिथंच ओकली. उद्धव ओरडला नाही. तो मास्तरच्या तोंडाकडं बघत राहिला.

दवाखान्यात डॉक्टरनं विचारलं तेव्हा उद्धवच म्हणाला, पाय घसरला. पठ्ठा उस्तादाचं नाव घेत नाही. कॉलेजच्या कागदावरही तेच लिहिलं गेलं आणि खाली मास्तरनं सही केली. वर्गातल्या पोरांना पुढं परीक्षा होती, तीही गप्प बसली. हात जुळला तो विळ्यासारखा वाकडाच. भरतीत उद्धव धावण्यात पहिला आला आणि डॉक्टरच्या टेबलापुढून परत आला.

आता या तालमीची एक रीत आहे, ती सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. जुन्या खलिफाच्या, म्हणजे आधीच्या उस्तादाच्या, काळापासून ती चालत आली. कोणी कोणाला आखाड्याबाहेर, रागाच्या भरात मोडलं, तर मोडणाऱ्यानं सकाळी सगळ्यांसमोर आखाड्यात उतरायचं, केलेलं तोंडानं सांगायचं आणि समोरच्याला पाठ द्यायची. हात चालवायचा नाही, पाय अडवायचा नाही. समोरच्यानं एकच डाव टाकायचा, पाहिजे तेवढ्या जोरानं. दोन्ही खांदे मातीला लागले की विषय संपला. पुढं त्याचं नाव ना त्यांनी काढायचं, ना त्यांच्या घरच्यांनी. गयासुद्दीन मास्तरनं उस्ताद म्हणून अकरा जणांना अशी पाठ द्यायला लावली होती. एका सख्ख्या पुतण्याला तर दोन बरगड्या मोडेपर्यंत. उद्धव वाकडा हात घेऊन वर्षभर रोज तालमीच्या दारात येऊन बसायचा. कुस्ती करत नव्हता. नुसता बसायचा. काय पाहिजे ते मास्तरला कळत होतं. एक दिवस तो यायचा थांबला.

बावीस वर्षं गेली. मास्तर रिटायर झाले. तालमीला लागून पत्र्याची एक खोली होती, तिथं ते सकाळी भरतीच्या आणि बारावीच्या पोरांना फुकट इंग्रजी शिकवू लागले. उद्धवनं जेसीबी घेतला, मग दुसरा. त्याच्या नावानं लोक जरा सांभाळूनच बोलत, कारण वाकड्या हातानं मारलेला ठोसा कुठून येतो ते कळत नसे. त्याचा पोरगा सोहम अकरावीत गेला आणि बापाला न सांगता या क्लासला येऊ लागला. तीन आठवडे कोणाला पत्ता नव्हता. मग एका संध्याकाळी अंगणात सोहमनं चुलतभावाला कमरेतून उचललं, अर्धा वळला आणि मागं ठेवलं. म्हणाला, नेव्हर. उद्धव ओसरीवर जेवत होता. त्यानं ताट तसंच सरकवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो दोन माणसं आणि कुऱ्हाडीचे दांडे घेऊन आला. पहिला दांडा फळ्यावर बसला. फळा मधोमध फुटून दोन पोरांच्या अंगावर पडला. मग खुर्ची, मग खिडकी, मग पंख्याची पाती. सोहमला त्यानं कॉलर धरून भिंतीवर आदळलं. रस्त्यापलीकडं मास्तरच्या पोराचं, नईमचं, गॅरेज आहे. तो हातात पाना घेऊन धावत आला आणि आला तसाच तो उद्धवच्या एका माणसाच्या जबड्यावर चालवला. दोन दात पत्र्याच्या भिंतीवर वाजले. उद्धवचा दांडा नईमच्या भुवईवर बसला आणि त्याचा चेहरा एका क्षणात लाल झाला, डोळा दिसेना. मास्तर मध्ये पडले. उद्धवनं दांडा त्यांच्या गळ्यावर आडवा लावून त्यांना भिंतीला दाबलं.

“बावीस वर्षं,” तो म्हणाला. “एक शब्द नाई निंगाला तुमच्या तोंडातून.”

मास्तरचा श्वास कोंडला होता. उद्धवनंच दांडा काढला, पोराला ओढत गाडीवर घातलं आणि निघून गेला.

नईमच्या भुवईला सात टाके पडले. दुपारी टाक्यांवरची पट्टी ओली असतानाच त्यानं गॅरेजात पोरं जमवली. गोणपाटात आठ लोखंडी गज बांधून ठेवले. ठरलं असं, की संध्याकाळी जायचं आणि उद्धवचा दुसरा हातही वाकडा करायचा. नईमवर आधीची मारामारीची एक केस होती, दुसरी झाली असती तर तडीपारी. आणि उद्धवकडंही दांडे धरणारी माणसं कमी नव्हती. आज हात, उद्या डोकं, परवा कोणाचं तरी घर, हे गाडं कुठं जातं ते मास्तरनं बासष्ट वर्षांत पाहिलं होतं.

त्यांनी नईमला घरी बोलावलं. सईदाबी, त्यांची बायको, त्याच्या सदऱ्यावरचं रक्त गार पाण्यानं खरवडत होती. मास्तर उभ्या उभ्याच म्हणाले, “उद्धवचा पाय घसरला नव्हता. मीनं आपटला त्याले.”

नईमला आधी कळेना. कळलं तेव्हा तो म्हणाला, मग काय झालं, उस्ताद आहात, मारलं असेल. मास्तर म्हणाले, उद्या सकाळी मी पाठ देतो. तसा नईम जो उसळला, की सईदाबीच्या हातातली बालटी लवंडली. गल्लीत, बाजारात, लग्नात, जिथं जावं तिथं बापाच्या पाठीची गोष्ट निघायची. ती पाठ त्याला स्वतःच्या भुवईपेक्षा प्यारी होती. जेलात जातो, म्हणाला, तडीपार होतो, पण त्या वाकड्याच्या खाली तुम्ही पडायचं नाही. मास्तरनं हात उचलला. सवयीनं उचलला गेला. मग तसाच हळूहळू खाली घेतला.

सईदाबी इतकंच म्हणाली, “बासठ साल की हड्डी है. जुडती नहीं अब.” आणि पुन्हा रक्त खरवडायला बसली.

संध्याकाळी मास्तर एकटेच ऑटोनं उद्धवच्या घरी गेले. रुमालात आखाड्याची मूठभर माती बांधून नेली होती, ती त्यांनी उंबऱ्यावर ठेवली. बोलावण्याची रीत तशीच आहे. उद्धवची बायको सिंधू पाण्याचा गडवा घेऊन आली, माती बघून दारातच थांबली. उद्धव हसला.

“म्हाताऱ्याले आपटून मले काय भेटन?”

“तुले भेटन का नाई ते तू पाय,” मास्तर म्हणाले. “मले द्यायची हाय.”

“मी हळू नाई टाकनार.”

“हळू टाकली त मंग ते देल्लं कायचं?”

सिंधूनं मध्येच गडवा मास्तरच्या हातात दिला. मास्तर पाणी प्यायले आणि त्याच ऑटोनं परत आले.

सकाळी तालमीत येऊन पाहतात तर नईम आखाड्यात होता. उघडा, घामानं निथळलेला, हातात फावडं. रात्रीतून राग उतरला नव्हता. त्यानं तो सगळा मातीवर काढला होता. एरवी वीतभर उकरतात, त्यानं हातभर उकरलं होतं. खडा म्हणून ठेवला नव्हता. वर तेल आणि ताक ओतून माती अशी केली होती की पाऊल ठेवलं की आत जावं. बापाकडं न बघता तो काठावर जाऊन बसला. गजांचं गोणपाट गॅरेजातच होतं.

चाळीसेक माणूस जमला. उद्धव आला, मागं सोहम, त्याच्या गालावर बोटांचे वळ अजून होते. मास्तर लंगोट लावून उतरले. पोट सुटलेलं, छातीवरचे केस पांढरे, पण पाठ अजून पाटासारखी. त्यांनी माती कपाळाला लावली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं : दोन हजार तीन साली वर्गात, फरशीवर, रागाच्या भरात याचा हात मी मोडला. कागदावर खोटं मी लिहिलं. याची भरती माझ्यामुळं गेली. बोलताना आवाज फळ्यापुढं असायचा तसाच होता, फक्त मध्येमध्ये थांबत होता.

मग त्यांनी पाठ फिरवली.

उद्धवनं मागून विळखा घातला. डावा हात पुरता सरळ होत नव्हता, त्यामुळं पोटावर बोटांत बोटं अडकेनात. त्यानं जोर केला, पकड सुटली. पुन्हा घातली, पुन्हा सुटली. काठावर कोणीतरी फिसकन हसलं. “चूप बे,” नईम म्हणाला.

तिसऱ्या वेळी उद्धवनं एका हातानंच उचलायला घेतलं, आणि मास्तर हलले नाहीत. त्यांनी अडवायचं नाही असं ठरवलं होतं, पण अंगानं ऐकलं नाही. गुडघे आपोआप वाकले, वजन आपोआप खाली गेलं, टाचा मातीत रुतल्या. पन्नास वर्षांची सवय. आणि टाचा रुतल्या तेव्हाच मास्तरला कळलं, की त्या दिवशी वर्गात त्या पोरानं मस्ती केलीच नव्हती. मागून पकड बसली की पहिलवानाचं अंग असंच करतं. आपणच शिकवलं होतं त्याला ते. शिकवलेलं नीट केलं म्हणून त्याचा हात मोडला.

त्यांनी श्वास सोडला आणि टाचा मातीतून उचलल्या.

“बोटं अटकवू नको,” ते पुढं बघतच म्हणाले. “उजव्या हातानं डाव्याचं मनगट धर. डोस्कं माह्या पाठीले लाव. आता कमरेतून.”

उद्धव क्षणभर थांबला. मग त्यानं मनगट धरलं, कपाळ त्या पाठीला टेकवलं. काही जणांना वाटलं, आता हा सोडून देतो. सोडलं नाही. घशातून जनावरासारखा आवाज काढत त्यानं मास्तरला उचललं, खांद्याच्या उंचीपर्यंत नेलं, आणि बावीस वर्षांच्या सगळ्या जोरानिशी आपटलं. माती उडाली. आत हाड मोडल्याचा आवाज पहिल्या ओळीत ऐकू आला. नईम उठला, दोन पावलं आला आणि काठावरच उभा राहिला. मास्तर आभाळाकडं बघत पडले होते. दोन्ही खांदे मातीत. तोंडाच्या कडेनं रक्त येत होतं, जीभ चावली गेली होती.

“लागले का दोन्ही?” त्यांनी विचारलं.

“लागले,” उद्धव म्हणाला.

त्यानं वाकडा हात खाली केला. मास्तरनं तो धरला. हात सरळ होत नसल्यानं मास्तरला तिरकंच उठावं लागलं. उठताना ते प्रथमच ओरडले, आणि उद्धवनं त्यांच्या काखेत खांदा घातला. दवाखान्यात हासळी, गळ्याजवळचं हाड, मोडल्याचं आणि दोन बरगड्यांना चीर गेल्याचं निघालं. डॉक्टरनं विचारलं काय झालं. नईम सवयीनं म्हणाला, पाय घसर... मास्तरनं त्याच्याकडं नुसतं पाहिलं. “कुस्तीत हरले,” नईमनं सांगितलं. बाहेर उद्धवची गाडी दुपारपर्यंत उभी होती. तो आत आला नाही. नईमनं त्याला चहा नेऊन दिला. नईमच्या भुवईचं आणि त्या माणसाच्या दातांचं नावही पुन्हा कोणी काढलं नाही.

दीड महिन्यानं क्लास सुरू झाला. फळा नवा होता, जेसीबीवर बसून आला होता. सोहम पहिल्या ओळीत होता. मास्तरचा उजवा हात गळ्यात, म्हणून त्यांनी डाव्या हातानं वाक्य लिहिलं, अक्षरं लहान पोराच्यासारखी वाकडी आली. जुन्या पोरांना वाक्य पाठ होतं, त्यांनी आधीच म्हणायला सुरुवात केली, नेव्हर हॅज... आणि फळ्याकडं बघून थांबली.

ओन्ली वन्स हॅज धिस बॅक टच्ड दि अर्थ.

मास्तर म्हणाले, नेव्हर गेला तरी घाबरायचं कारण नाही. ओन्ली वन्सलाही तेवढाच जोर आहे, हॅज तसंच पुढं येतं. चला, उभे राहा चौघं. पोरं खोलीतच ओळ धरू लागली तशी त्यांनी दाराकडं बोट केलं. तेव्हापासून हे वाक्य आखाड्यातच शिकवलं जातं. क्लास सुटला की पोरं कमरेपर्यंत लाल होऊन घरी जातात, आणि कपडे धुताना त्यांच्या आया इंग्रजीला शिव्या घालतात.